नकाशाची किल्ली: कुठे ठेवायची, कशाला बांधायची

धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा बसवताना जी ‘एपीआय की’ लागते, तिच्याबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बोलताना सगळे ‘की’च म्हणतात. छापताना मात्र तो शब्द वाक्यातल्या ‘की’त मिसळून जातो, म्हणून इथे किल्ली म्हटले आहे. गूगलची किल्ली म्हणजे ३९ अक्षरा-अंकांची एक ओळ. नकाशा मागताना तुमचे सॉफ्टवेअर ती दाखवून ओळख पटवते. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नावावर नकाशे मागवू शकतो आणि बिल तुमच्याकडे येते. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा हा मामला आहे. वही कपाटात ठेवलीत का, यापेक्षा त्या वहीवर कोण, काय आणि किती नेऊ शकतो, हे आधी ठरवायला हवे.

प्रश्न: कास्टिंगचे मशीनिंग करून देण्याचा आमचा व्यवसाय आहे. बिलिंग आणि डिस्पॅचच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगच्या पानावर ‘गूगल मॅप्स एपीआय की’ असा एकच रकाना आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, तुमच्या नावाने काढा, इथे टाका, बाकी आम्ही बघतो. एवढ्यावर भागेल का? आणि ती किल्ली कोणाकोणाला दिसते?
— एक कारखानदार, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर: तुमच्या नावाने काढायची हे बरोबर. एक रकाना मात्र पुरत नाही आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

नकाशाची कामे दोन जातींची असतात. पहिले पडद्यावरचे. डिस्पॅचचे पान उघडले की नकाशा दिसतो. हा नकाशा तुमचा सर्व्हर आणत नाही. पान बघणाऱ्याचा ब्राउझर तो थेट गूगलकडून आणतो आणि त्यासाठी किल्ली पानाबरोबर ब्राउझरकडे जावीच लागते. स्वतः बघा: पान उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्कच्या टॅबवर जा, पान पुन्हा लोड करा. गूगलकडे गेलेल्या पहिल्या काही विनंत्यांच्या पत्त्यात तुमची किल्ली अक्षरन् अक्षर दिसेल. डेटाबेसमध्ये ती कितीही कुलूपबंद ठेवा, इथे ती उघडीच आहे.

दुसरे काम सर्व्हरचे. ग्राहकाच्या पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणे, म्हणजे जिओकोडिंग, आणि गोदामापासून अंतर काढणे. इथे किल्ली सर्व्हरवरून गूगलकडे जाते, मधल्या कोणाला दिसण्याचे कारण नाही. ही खरी लपवून ठेवायची किल्ली.

गूगल एका किल्लीला एकाच जातीचा निर्बंध लावू देते: वेबसाइटचा, आयपी पत्त्याचा, अँड्रॉइड ॲपचा किंवा आयफोन ॲपचा. पडद्यावरच्या कामाला वेबसाइटचा निर्बंध लागतो, सर्व्हरच्या कामाला आयपीचा. दोन्ही कामांना एकच किल्ली दिली तर कुठलाही निर्बंध लावा, एक काम बंद पडणार. मग ‘तूर्तास’ म्हणून निर्बंध काढला जातो आणि मोकळी किल्ली वर्षानुवर्षे ब्राउझरमध्ये फिरत राहते. म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांकडे आग्रहाने दोन रकाने मागा, ‘ब्राउझर किल्ली’ आणि ‘सर्व्हर किल्ली’. हे काही मोठे काम नाही, ते नाही म्हणाले तर आश्चर्य वाटायला हवे.

किल्ली काढताना गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये आधी तुमच्या फर्मच्या नावाने प्रोजेक्ट उघडा, त्याला बिलिंग खाते जोडा, लागतील तेवढ्याच सेवा सुरू करा आणि मग ‘क्रेडेन्शियल्स’मध्ये जाऊन किल्ल्या बनवा. नाव लगेच द्या. ‘एपीआय की १’, ‘एपीआय की २’ अशी नावे सहा महिन्यांनी कोणालाच कळत नाहीत. ब्राउझर किल्लीला वेबसाइटचा निर्बंध लावून सॉफ्टवेअरचा पूर्ण पत्ता, शेवटी तिरकी रेघ आणि तारा, असा लिहा. सेवा फक्त ‘मॅप्स जावास्क्रिप्ट’. सर्व्हर किल्लीला सर्व्हरचा आयपी आणि सेवा फक्त ‘जिओकोडिंग’ व अंतर काढणारी ‘राउट्स’. तुमचे सॉफ्टवेअर जुने असेल तर ते अंतरासाठी ‘डिस्टन्स मॅट्रिक्स’ वापरत असेल. १ मार्च २०२५ पासून गूगलने ती आणि ‘डिरेक्शन्स’ या दोन्ही सेवा ‘लेगसी’, म्हणजे जुन्या, ठरवल्या आहेत. नव्या प्रोजेक्टमध्ये हात घालण्याआधी सॉफ्टवेअर नेमके कोणती सेवा बोलावते, हे लेखी विचारून घ्या.

सेटिंगच्या पानाबद्दल एक. किल्ली एकदा साठवली की पानावर तिची शेवटची चार अक्षरे दिसली पाहिजेत, सगळी नाही. बदलायची तर नवी लिहायची, जुनी वाचायची सोय नको. आणि हे पान फक्त ॲडमिनला. डिस्पॅचच्या खिडकीवर बसणाऱ्याला त्याचे काम नाही.

प्रश्न: तुम्ही सांगता तसे निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंतर काढणेच बंद! ‘रिक्वेस्ट डिनाइड’ येते. निर्बंध काढले की चालू. काय चुकते?
— वाहतूक व्यवसाय, निपाणी

उत्तर: निर्बंध काढून काम चालते, याचा अर्थ किल्ली, बिलिंग, सेवा सगळे ठीक आहे. फक्त विनंती कुठून येते याची गल्लत आहे. ‘रिक्वेस्ट डिनाइड’ एवढ्यावर थांबू नका. त्याच उत्तरात खाली ‘एरर मेसेज’ असते, ते पूर्ण वाचा. बहुतेक सॉफ्टवेअर ते गिळून टाकतात आणि पडद्यावर नुसते ‘मॅप एरर’ दाखवतात, म्हणून सर्व्हरचा लॉग उघडावा लागतो.

त्या संदेशात ‘रेफरर निर्बंध असलेली किल्ली या एपीआयसाठी चालत नाही’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर तुम्ही सर्व्हरच्या किल्लीला वेबसाइटचा निर्बंध लावला आहे. तो आयपीचा करा.

‘हा आयपी या किल्लीसाठी अधिकृत नाही’ असे असेल, तर त्याच ओळीत विनंती कोणत्या आयपीवरून आली तो आकडा छापलेला असतो. तो तुम्ही लिहिलेल्या आयपीशी ताडून बघा. तीन गोष्टी सापडतात. एक, सर्व्हर ऑफिसातच आहे आणि फायबरच्या जोडणीला स्थिर आयपी घेतलेला नाही. राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो. निपाणीत संध्याकाळी वीज गेली आणि सकाळी नकाशा बंद, याचे कारण हेच असते. स्थिर आयपी घ्या किंवा नकाशाची विनंती भाड्याच्या क्लाउड सर्व्हरमार्फत पाठवा. दोन, छापलेला आकडा लांबलचक, मध्ये दोन-दोन टिंबे असलेला दिसतो. तो आयपीव्ही-६. सर्व्हरला दोन्ही पत्ते आहेत, तुम्ही फक्त जुन्या धर्तीचा लिहिला आणि तो बाहेर पडतो नव्यावरून. दोन्ही लिहा. तीन, तुम्ही सर्व्हरचा आतला पत्ता, १९२.१६८ ने सुरू होणारा, लिहिला आहे. तो गूगलला कधीच दिसत नाही.

निर्बंध बदलल्यावर लागू व्हायला पाच मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. दर तीस सेकंदांनी काहीतरी बदलत बसलात तर कशाने काय झाले हे कळणार नाही. एक बदल करा, चहा घ्या, मग तपासा.

तो लॉग सॉफ्टवेअरवाल्यांना पाठवताना मात्र जपा. जिओकोडिंगच्या विनंतीत किल्ली पत्त्यातच असते, त्यामुळे लॉगमध्ये आणि स्क्रीनशॉटमध्येही ती पूर्ण छापली जाते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी मधली अक्षरे खोडा.

जाता जाता एक, तुमच्या धंद्यापुरते. फक्त ई-वे बिलासाठी अंतर काढत असाल तर नकाशाची किल्ली मुळात लागतच नाही. ई-वे बिलाचे पोर्टल दोन्ही टोकांच्या पिनकोडवरून अंतर स्वतःच काढते. 

प्रश्न: आमच्या कृषी सेवा केंद्राचे सॉफ्टवेअर लाराव्हेलमध्ये (पीएचपी भाषेतला तयार सांगाडा) आहे, शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या सामायिक सर्व्हरवर. किल्ली ‘डॉट ईएनव्ही’ या सेटिंगच्या फाइलमध्ये आहे. ती तिथे सुरक्षित असते ना? शिवाय परवा किल्ली बदलली तरी जुनीच चालत होती.
— खानापूर

उत्तर: फाइल योग्य आहे, जागा तपासायला हवी. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, तुमच्या साइटचा पत्ता लिहा, तिरकी रेघ द्या आणि पुढे त्या फाइलचे नाव टिंबासकट लिहून एंटर दाबा. ‘सापडले नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ आले तर ठीक. पानावर डेटाबेसचा पासवर्ड आणि किल्ली वाचता आली, तर दोन्ही गेल्या असे समजून आजच बदला. अशा उघड्या फाइली शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात. खानापूरचे दुकान आहे, इथे कोण येणार, हा हिशेब तिथे चालत नाही.

हे घडते कारण शेअर्ड होस्टिंगवर अख्खा प्रकल्प ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरात ओतला जातो. लाराव्हेलमध्ये जगाला फक्त ‘पब्लिक’ हे एक फोल्डर दिसावे अशी रचना आहे. उरलेला प्रकल्प ‘पब्लिक एचटीएमएल’च्या शेजारी, एक पायरी वर ठेवा. ‘पब्लिक’मधल्या फाइली तेवढ्या आत टाका आणि ‘इंडेक्स’ फाइलमधले बाहेरच्या फोल्डरांकडे जाणारे मार्ग दुरुस्त करा. तोवर ‘एचटीॲक्सेस’ या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली नाकारणारा नियम लावा. ती डागडुजी आहे, होस्टिंग बदलले की नियम मागे राहतो.

फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू शकणार नाही. प्रकल्पाची झिप करून त्याच फोल्डरात ‘बॅकअप’ नावाने ठेवायची सवय असेल तर मोडा. त्या झिपमध्ये किल्ली आहे आणि झिप कोणीही उतरवू शकतो. डीबग, म्हणजे चुका शोधायची सोय, चालू ठेवू नका. चूक झाली की येणारे ते सविस्तर पान आतल्या बऱ्याच गोष्टी बाहेर सांगते.

आता जुनी किल्ली का चालत राहिली. कोणीतरी एकदा ‘कॉन्फिग कॅश’ची आज्ञा दिलेली आहे. त्यानंतर लाराव्हेल ती फाइल वाचतच नाही, सगळ्या सेटिंग्जची बांधून ठेवलेली प्रत वापरतो. किल्ली बदलली की तीच आज्ञा पुन्हा द्यावी लागते. आणि प्रोग्राममध्ये किल्ली थेट ‘ईएनव्ही’ फंक्शनने वाचली असेल, तर कॅश केल्यावर ती रिकामी येते. ‘घरी चालते, सर्व्हरवर चालत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा हेच. किल्ली ‘कॉन्फिग’ फोल्डरातल्या ‘सर्व्हिसेस’ फाइलमध्ये एकदा वाचा आणि पुढे सगळीकडे ‘कॉन्फिग’ फंक्शनने मागा.

तुमच्या पडद्याची बाजू ‘वीट’ (Vite) या जावास्क्रिप्ट बांधणीच्या साधनाने बांधली असेल तर एक धोका आणखी. ज्या नावांच्या सुरुवातीला ‘वीट’ आणि अंडरस्कोर आहे, ती सगळी मूल्ये बांधणीच्या वेळीच जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये कोरली जातात. त्या नावाखाली सर्व्हरची किल्ली लिहिली, तर ती ब्राउझरमध्ये पोचलीच म्हणून समजा. ‘ईएनव्ही’त ठेवली होती, हे तिथे कामाला येत नाही.

प्रश्न: ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर हलवले. डेटा सगळा आला, पण नकाशाची किल्ली आणि ईमेलचा पासवर्ड उघडताना एन्क्रिप्शन की चुकीची असल्याचा संदेश येतो. ही कोणती किल्ली?
— चिकोडी

उत्तर: ही नकाशाची नाही, तुमच्या साइटची स्वतःची. ईआरपीनेक्स्टमध्ये ‘पासवर्ड’ प्रकारच्या रकान्यात लिहिलेले मूल्य कुलूप लावून डेटाबेसमध्ये जाते आणि ते उघडणारी किल्ली डेटाबेसच्या बाहेर, ‘साइट कॉन्फिग’ फाइलमध्ये असते. नव्या सर्व्हरवर नवी साइट तयार झाली तेव्हा तिला नवी किल्ली मिळाली. कुलपे जुनी, किल्ली नवी.

जुना सर्व्हर अजून असेल तर त्याच्या ‘साइट कॉन्फिग’मधली ‘एन्क्रिप्शन की’ची ओळ जशीच्या तशी नव्या फाइलमध्ये आणा. फक्त तीच ओळ. पूर्ण फाइल उचललीत तर डेटाबेसचे नाव आणि पासवर्डही जुना येईल आणि साइट उघडणार नाही. जुना सर्व्हर नसेल तर बॅकअपच्या फोल्डरात बघा. ‘बेंच’ या ईआरपीनेक्स्टच्या आज्ञांच्या साधनाने घेतलेल्या बॅकअपमध्ये साइट कॉन्फिगची वेगळी प्रत असते. तीही नसेल तर असे रकाने एकेक करून पुन्हा भरण्याला पर्याय नाही.

ती प्रत आणि डेटाबेस एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका. तिजोरी आणि तिची किल्ली एकाच पिशवीत घालून नेण्यासारखे ते आहे.

तुमच्याकडे नकाशाची किल्ली वेगळा रकाना जोडून ठेवली असेल, तर तो रकाना ‘डेटा’ प्रकारचा नाही ना, हे बघा. ‘डेटा’त ती साध्या अक्षरांत राहते आणि अहवालातूनही निघते. ओडू हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठीही हेच. तिथे नकाशाची किल्ली ‘सिस्टिम पॅरामीटर्स’मध्ये जाते आणि ती डेटाबेसमध्ये साध्या अक्षरांत असते. पडद्यावर ॲडमिनशिवाय कोणाला दिसत नाही, पण डेटाबेसची प्रत ज्याच्या हाती गेली त्याला दिसते. आणि प्रती हातोहात जातातच, दुरुस्तीला, चाचणीला, ऑडिटला. म्हणून सर्व्हरच्या किल्लीला आयपी बांधलेला असणे इतके महत्त्वाचे. प्रत दुसऱ्या यंत्रावर चढवली तरी किल्ली तिथून चालत नाही. चाचणीच्या प्रतीने खऱ्या किल्लीवर दिवसभर विनंत्या मारल्या, हा प्रकारही त्यानेच टळतो.

प्रश्न: एका गिऱ्हाइकाचा कोड चुकून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) सार्वजनिक गेला, त्यात नकाशाची किल्ली होती. दहा मिनिटांत फाइल काढून पुन्हा कमिट केले. आता काळजी नाही ना? बिल किती येऊ शकते?
— सॉफ्टवेअर करणारा तरुण, टिळकवाडी

उत्तर: काळजी आहे. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, जुने काही विसरत नाही, हेच त्याचे काम. नव्या कमिटमधून, म्हणजे नोंदीतून, फाइल गेली तरी आधीच्या कमिटमध्ये ती तशीच वाचता येते. इतिहास पुसायची साधने आहेत, पण तोवर कोणी प्रत घेतली असेल तर पुसून काय उपयोग? म्हणून आधी किल्ली बदला, इतिहासाचे नंतर बघा.

क्रम चुकवू नका. आधी जुन्याच निर्बंधांसह नवी किल्ली बनवा. ती सॉफ्टवेअरमध्ये टाका, कॅश साफ करा, एक पत्ता आणि एक अंतर काढून बघा. मग कन्सोलमधल्या ‘मेट्रिक्स’च्या पानावर वापर किल्लीनुसार वेगळा करून बघा. जुनीवर अजून विनंत्या येत असतील, तर एक तर कोणीतरी परका वापरतो आहे किंवा तुमचाच एखादा विसरलेला भाग, रात्री चालणारे काम किंवा जुने ॲप, तिच्यावर आहे. तो शोधा आणि जुनी पुसा. पुसलेली किल्ली गूगलकडून ३० दिवसांच्या आत परत आणता येते, त्यामुळे पुसताना हात कापायला नको. किल्ली पूर्ण मोकळी असेल तर मात्र शोधाशोध नको. सेवा अर्धा तास बंद राहिली तरी चालेल, लगेच पुसा.

बिलाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘बजेट’ लावले की खर्च तिथे थांबतो, असे अनेकांना वाटते. बजेट फक्त ईमेल पाठवते. थांबवतो तो ‘कोटा’. प्रत्येक सेवेच्या कोट्याच्या पानावर दिवसाची मर्यादा स्वतः लिहावी लागते. हिशेब सोपा आहे. गिऱ्हाइकाच्या दिवसाला ४० डिलिव्हऱ्या, प्रत्येकीचे अंतर फार तर तीनदा काढले जाते, म्हणजे १२०. थोडी सैल जागा ठेवून २५० लावा. एका गोदामापासून ४० दुकानांची अंतरे एकदम मागितली तर ती एक विनंती दिसते, पण हिशेब ४० घटकांचा होतो, हे मोजताना धरा. पडद्यावरच्या नकाशात उलटे आहे. नकाशा एकदा उघडला की एक मोजणी, मग तो कितीही सरकवा, मोठा करा. त्यामुळे बिलाचे प्रत्येक पान उघडताना आपोआप नकाशा येत असेल तर मोजणी उगाच वाढते. ‘नकाशा दाखवा’ असे बटण ठेवले की ती एकदम खाली येते.

कोटा प्रोजेक्टला लागतो, किल्लीला नाही. म्हणून चाचणीसाठी वेगळा प्रोजेक्ट ठेवा, नाहीतर तुमची चाचणी गिऱ्हाइकाचा दिवस खाऊन टाकेल. दिवसाचा कोटा आपल्या मध्यरात्री भरत नाही. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री भरतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. सकाळी अकराला बंद पडलेली सेवा जेवणाच्या सुट्टीनंतर आपोआप चालू झाली, तर कारण हे.

प्रश्न: डिलिव्हरीच्या अँड्रॉइड ॲपमध्ये ऑफिसात नकाशा दिसतो. प्ले स्टोअरवरून घेतले की नुसता करडा चौकोन.
— संकेश्वर

उत्तर: किल्लीला पॅकेजचे (ॲपचे) नाव आणि ॲपवरच्या सहीचा एसएचए-१ ठसा बांधलेला आहे, पण ठसा चाचणीच्या कीस्टोअरचा, म्हणजे ऑफिसात सहीसाठी वापरलेल्या फाइलचा आहे. प्ले स्टोअर ॲपवर स्वतःची सही करते. तो ठसा प्ले कन्सोलमध्ये ‘ॲप साइनिंग’खाली मिळतो. ॲप प्ले स्टोअरवर चढवताना तुम्ही जी सही करता त्या अपलोड किल्लीचा ठसा वेगळा, तो इथे चालत नाही. साइनिंगचा ठसा किल्लीत वाढवा, चाचणीचा वेगळ्या किल्लीत ठेवा. ॲपमध्ये जिओकोडिंगची किल्ली मात्र कोरू नका. ॲपची फाइल कोणीही उघडून वाचू शकतो. पत्ता तुमच्या सर्व्हरकडे पाठवा आणि उत्तर तिथून घ्या.

प्रश्न: किल्ली आमच्या आधीच्या प्रोग्रामरच्या स्वतःच्या जीमेलवर काढलेली आहे. तो आता पुण्याला गेला. किल्ली चालते आहे, मग बदलायची गरज काय?
— गोकाक

उत्तर: ज्या दिवशी त्याचे कार्ड संपेल किंवा तो जुने प्रोजेक्ट साफ करेल, त्या दिवशी तुमच्या नकाशावर पुसट अक्षरांत ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ असे उमटेल किंवा तो उघडणारच नाही. आणि त्याच्यावरही अन्याय आहे, तुमचा खर्च तो का सोसेल? फर्मच्या ईमेलवर नवा प्रोजेक्ट काढा, मालक म्हणून दोन माणसे ठेवा, बिलिंगच्या माहितीत तुमचा जीएसटी क्रमांक भरा, कर्नाटकाचा म्हणजे २९ ने सुरू होणारा. मग वर सांगितलेल्या क्रमाने किल्ली बदला आणि त्याला कळवा.

प्रश्न: आमच्या घाऊक दुकानाचे पत्ते जिओकोड केले तर निम्मे भलतीकडे जातात आणि पुन्हा पुन्हा काढल्याने कोटा संपतो. किल्लीशिवाय चालणारी मोफत सेवा वापरावी का?
— रविवार पेठ, बेळगाव

उत्तर: सेवा बदलण्याआधी पत्ते बघा. आपल्या भागात एकाच गावाची तीन-तीन रूपे वहीत असतात. बेळगाव, बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे सरकारी बेळगावी. निपाणी आणि निप्पाणी. त्यात नावांचे जुळे. ‘शहापूर’ एवढेच लिहिले तर ते आपले शहापूर, ठाणे जिल्ह्यातले की यादगीर जिल्ह्यातले, हे यंत्राला कसे कळावे? ‘खानापूर’ सांगली जिल्ह्यातही आहे. पत्त्याबरोबर पिनकोड आणि देश वेगळ्या घटकांत पाठवा, एका ओळीत कोंबू नका.

उत्तर आले की त्याची जात तपासा. ‘रूफटॉप’ म्हणजे नेमकी जागा. ‘अप्रॉक्झिमेट’ किंवा ‘पार्शल मॅच’ असेल तर ते बहुधा गावाचा किंवा तालुक्याचा मध्य आहे. जांबोटी, कणकुंबी भागातल्या वाड्यांचे असे फार होते. सॉफ्टवेअर ते मुकाट साठवते आणि गाडी भलत्याच जागी जाऊन उभी राहते. अशा पत्त्यांची वेगळी यादी काढा. पहिल्या फेरीला चालकाने दुकानासमोर उभे राहून फोनच्या जीपीएसने जागा नोंदवावी. कणकुंबीकडे रेंज नसली तरी जीपीएस चालते, नोंद फोनमध्ये राहून नंतर सर्व्हरवर जाईल अशी सोय हवी. ही नोंद तुमच्या मालकीची आहे, कायमची ठेवता येते. गूगलकडून मिळालेले अक्षांश-रेखांश मात्र त्यांच्या अटींप्रमाणे ३० दिवसांपर्यंतच साठवता येतात. जागेचा ‘प्लेस आयडी’, म्हणजे गूगलने दिलेली ओळख, ठेवायला हरकत नाही. हे केले की तोच पत्ता पुन्हा पुन्हा विचारावा लागत नाही आणि कोटाही पुरतो.

लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशाची ‘नॉमिनॅटिम’ ही पत्ते शोधणारी सेवा किल्लीशिवाय चालते. पण तिचा सार्वजनिक सर्व्हर लोकांच्या देणग्यांवर चालतो, तिथे सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती चालत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरची ओळख सांगणारे नाव प्रत्येक विनंतीत हवे, आलेले उत्तर साठवून ठेवायला हवे आणि नकाशावर त्यांचा उल्लेख हवा. रोजच्या पाच-दहा नव्या पत्त्यांना ती पुरेल. दोन हजार ग्राहकांची यादी एका रात्रीत तिच्यावर लोटू नका. मोठी यादी असेल तर नॉमिनॅटिम स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, नुसता भारताचा नकाशा चढवूनही.